मिरचीचा सॉस आणि कॅन्सर संस्थांसाठी देणगी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

चांगल्या चवीचा मिरचीचा सॉस करायचा, बाटल्या विकायच्या आणि आलेल्या पैशांतला ठरलेला वाटा कॅन्सरसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यायचा. या कल्पनेवर बरीच पत्रं आली. निम्मी पत्रं पातेल्याबद्दल आहेत, निम्मी हिशेबाच्या वहीबद्दल. म्हणून उत्तरंही दोन्ही बाजूंच्या जाणकारांकडून घेतली आहेत.

प्रश्न: आमचा सॉस तिखट होतो, पण त्याला चव अशी नसते. एकदा घेतलेला माणूस दुसऱ्यांदा घेईल असा सॉस कसा करायचा?

देणगीसाठी म्हणून पहिली बाटली कुणीही घेतं. दुसरी घेतली जाते ती चवीवर, त्यामुळे हा प्रश्न पहिला घेतला.

नुसत्या जहाल मिरच्यांचा सॉस जीभ बधिर करतो आणि मग चव कळतच नाही. सत्तर टक्के पिकलेली, लाल, जाड गराची, मध्यम तिखट मिरची घ्या आणि तीस टक्के जहाल. गराच्या मिरचीतून गोडवा, रंग आणि दाटपणा येतो, जहाल मिरचीतून झणका. एका छोट्या घाण्याचं माप असं: देठ काढलेल्या मिरच्या १ किलो (७०० ग्रॅम मध्यम, ३०० ग्रॅम जहाल), गाजर २०० ग्रॅम, कांदा १५० ग्रॅम, सोललेला लसूण ८० ग्रॅम. एकूण वजन १४३० ग्रॅम. त्याला ३ टक्के मीठ, म्हणजे ४३ ग्रॅम. मीठ चमच्याने मोजू नका. जाडं आणि बारीक मीठ चमच्यात वेगवेगळं बसतं, आणि पुढचं सगळं या ३ टक्क्यांवरच उभं आहे.

हे सगळं मिठासकट भरड वाटून काचेच्या बरणीत भरा. बरणी पाऊणच भरायची, कारण वायू सुटला की लगदा वर चढतो. झाकण असं हवं की आतला वायू बाहेर पडेल, पण बाहेरची हवा आत येणार नाही. बरणी १८ ते २४ अंश सेल्सिअसला, उन्हापासून दूर, दहा ते चौदा दिवस ठेवा. पहिले तीन-चार दिवस बुडबुडे जोरात येतात, मग शांत होतात. कच्च्या मिरचीचा हिरवट वास जाऊन फळासारखा आंबूस वास आला की काम झालं.

मग ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर ४५० मिली आणि साखर ४० ग्रॅम घालून गुळगुळीत वाटा आणि बारीक गाळणीतून दाबून गाळा. सालं आणि बियांचा चोथा वजा जाता १५० मिलीच्या दहाच्या आसपास बाटल्या होतात. चोथा वाळवून, मिठाबरोबर कुटून भुरभुरायला वापरता येतो.

भाजल्याचा खमंगपणा हवा असेल तर मिरच्यांचा एक भागच भाजा, निम्म्याहून जास्त कच्च्या राहू द्या. आंबवणारे जिवाणू कच्च्या सालीवर असतात. सगळ्याच भाजल्या तर ते मरतात आणि बरणी नुसती बसून राहते.

दर घाण्याला तिखटपणा बदलतो, ही तक्रारही याच पत्रात आहे. एकाच जातीच्या, एकाच शेतातल्या मिरच्यांतही फरक पडतो. उपाय सोपा आहे: मध्यम आणि जहाल मिरचीचे लगदे वेगळे आंबवा आणि शेवटी चव घेत मिसळा. नुसत्या बिया काढून तिखटपणा फारसा कमी होत नाही. तिखटपणा देणारा घटक, कॅप्सेसिन, तयार होतो तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. तो खरवडून काढला तर फरक जाणवतो.

प्रश्न: आंबवणाच्या वर पांढरा थर आला. फेकायचं का? आणि लसणाचे तुकडे निळे-हिरवे झाले आहेत, तेही बिघडलं का?

थर पातळ, सपाट, सुरकुतलेला आणि पांढराच असेल तर ते यीस्ट आहे. अपाय करत नाही, पण वेळेत काढलं नाही तर सॉसला मातकट वास देतं. स्वच्छ चमच्याने काढून टाका आणि बरणीच्या कडा पुसा. थर केसाळ असेल, किंवा त्यात काळा, हिरवा, निळा, गुलाबी रंग असेल, तर ती बुरशी आहे. वरचा भाग काढून खालचा वापरायचा, हा हिशोब इथे चालत नाही. बुरशीचे तंतू आणि त्यांनी सोडलेले घटक खालपर्यंत उतरलेले असू शकतात. सगळी बरणी टाकायची. विकायच्या मालात तर याला अपवाद नाहीच.

दोन्हींचं मूळ एकच, लगद्याला लागलेली हवा. मीठ ३ टक्क्यांपेक्षा कमी पडलं किंवा बरणी अर्धीच भरली, की हे घडतं.

लसणाची काळजी करू नका. त्यातल्या गंधकाच्या घटकांची आम्लात रासायनिक क्रिया होऊन तो रंग येतो. खायला सुरक्षित असतो आणि लाल सॉसमध्ये वाटल्यावर दिसतही नाही.

प्रश्न: पीएच मोजायचं यंत्र खरंच लागतं का? आम्ही भरपूर व्हिनेगर घालतो.

लागतं. "भरपूर" हे माप नव्हे.

पीएच म्हणजे आम्लतेचा आकडा: तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त. बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार ज्या जिवाणूच्या विषामुळे होतो, तो ४.६ पेक्षा कमी पीएचमध्ये वाढू शकत नाही. म्हणून ४.६ ही सीमा जगभर मानली जाते. पण सीमेवर उभं राहायचं नसतं. विकायचा सॉस ३.८ किंवा त्याखाली ठेवा, ३.४ ते ३.७ मध्ये चवही चांगली बसते. हे आकडे साधे चढत नाहीत: ४.६ वरून ३.६ वर येणं म्हणजे आम्लता दहापट होणं. मिरची, गाजर, कांदा आणि लसूण हे सगळे कमी आम्लाचे. कृतीत गाजर दुप्पट केलं आणि व्हिनेगर तेवढंच ठेवलं, तर कालचा सुरक्षित सॉस आज तसा राहत नाही, आणि जिभेला ते कळेलच असं नाही, कारण साखर आंबटपणा झाकते.

रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या इथे निरुपयोगी ठरतात. लाल सॉसमध्ये बुडवल्यावर पट्टी लालच होणार, मग ती वाचायची कशी? ०.०१ पर्यंत दाखवणारं साधं डिजिटल यंत्र घ्या. ज्या दिवशी मोजायचं त्या दिवशी ते ४ आणि ७ पीएचच्या तयार द्रावणांत जुळवून घ्या. टोक नुसत्या शुद्ध पाण्यात बुडवून ठेवू नका, ते खराब होतं; त्यासाठी वेगळं द्रावण मिळतं.

मोजण्याची वेळही महत्त्वाची आहे. वाटल्या-वाटल्या घेतलेला आकडा फसवा असतो, कारण तुकड्यांच्या आतपर्यंत आम्ल मुरलेलं नसतं. नमुना नीट गुळगुळीत वाटा, चोवीस तास ठेवा, खोलीच्या तापमानाला आणा आणि मग मोजा. आकडा जास्त आला तर व्हिनेगर वाढवून पुन्हा तेच करायचं. प्रत्येक घाण्याचा आकडा तारखेसह वहीत लिहा. परवाना देणारे अधिकारी आधी हीच वही मागतात.

तेलाबद्दल एक सूचना. कच्चा लसूण किंवा ताजी मिरची तेलात बुडवून ठेवलेला "चिली ऑइल"सारखा प्रकार या उपक्रमात घेऊच नका. तेलाखाली हवा नसते आणि आम्लही नसतं. बॉट्युलिझमच्या जिवाणूला नेमकं तेच हवं असतं.

प्रश्न: काही बाटल्यांची झाकणं फुगली, एकीतून उघडताना सॉस उडाला. शिवाय आठवड्यात वर पाणी आणि खाली गाळ दिसतो.

हे दोन वेगळे बिघाड आहेत.

झाकण फुगतं ते बाटलीत आंबणं चालू राहिल्यामुळे. आंबवलेल्या लगद्यात जिवाणू आणि यीस्ट जिवंत असतात. त्यात शेवटी साखर, मध किंवा फळाचा गर घातला की त्यांना नवं खाणं मिळतं आणि वायू तयार होतो. बंद काचेत तो जाणार कुठे? अशा बाटल्या विकू नका. बंद असताना पुन्हा गरम तर मुळीच करू नका. जाड कापडात धरून, तोंड स्वतःपासून दूर ठेवून हळू उघडा आणि टाकून द्या.

पुढच्या वेळी भरण्याआधी सॉस तापवायचा. ८८ ते ९० अंशांपर्यंत न्या, सतत ढवळा आणि थर्मामीटर पातेल्याच्या मध्यभागी धरा. दाट सॉस कडेला उकळत असतो आणि मध्ये अजून ७० अंशांवर असतो. भरताना तापमान ८५ अंशांखाली जाऊ देऊ नका. बाटल्या आधी गरम करून ठेवा, नाहीतर काच तडकते. भरल्याबरोबर झाकण घट्ट लावा आणि बाटली दोन-तीन मिनिटं उलटी ठेवा, म्हणजे मान आणि झाकणाचा आतला भागही तापून निर्जंतुक होतो. थेंब पाडणारं प्लास्टिकचं बूच वापरत असाल तर ते एवढी उष्णता सोसतं का, हे विकत घेण्याआधी विचारा. तापवल्याने ताजा वास थोडा कमी होतो हे खरं. पण लोकांच्या घरी जाणाऱ्या, प्रवासात हेलकावे खाणाऱ्या, महिनाभर कपाटात पडणाऱ्या बाटलीत जिवंत आंबवण देणं आम्हाला पटत नाही.

पाणी सुटणं हा दिसण्याचा दोष आहे, सुरक्षेचा नाही. थोडा जास्त वेळ वाटलं आणि बारीक गाळलं तर बराच कमी होतो. तरी राहिला तर झँथन गम, म्हणजे दाटपणा आणणारी खाद्य पूड, वापरा: वजनाच्या ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे एक किलो सॉसला १ ते २ ग्रॅम. ते थेट टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. कृतीतल्या साखरेत कोरडं मिसळा आणि मिक्सर चालू असताना भुरभुरत सोडा. ०.३ टक्क्यांच्या पुढे गेलात की सॉस बुळबुळीत, तार धरणारा होतो. पाव ग्रॅमही दाखवणारा छोटा काटा नसेल तर हा प्रयोग करू नका.

प्रश्न: मिरच्या चिरताना हातांची रात्रभर आग होते. पाण्याने कमी होत नाही.

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. हाताला खाण्याचं तेल चोळा, पुसा, मग भांडी घासायच्या साबणाने धुवा. यापुढे नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला. डोळ्यांना हात लावायचा नाही. लगदा तापवताना खिडक्या उघड्या हव्यात, कारण ती वाफ ठसका आणतेच आणि दम्याच्या माणसाला त्रासदायक ठरते.

प्रश्न: मिरचीत कॅन्सरविरोधी गुण असतात असं वाचलं. लेबलवर "कॅन्सरशी लढणारा सॉस" असं लिहिलं तर विक्री वाढेल ना?

वाढेलही, पण लिहू नका. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर कॅप्सेसिनचे परिणाम अभ्यासले गेले आहेत, पण त्यावरून सॉस खाऊन माणसाचा कॅन्सर टळतो किंवा बरा होतो असं म्हणता येत नाही. भरपूर तिखट खाणं आणि जठराचा कॅन्सर यांच्या संबंधाबद्दलही अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी कॅप्सेसिनचा ८ टक्क्यांचा पट्टा औषध म्हणून वापरला जातो, पण तो त्वचेवर लावायचा असतो आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सॉसच्या बाटलीशी त्याचा काही संबंध नाही.

अन्नपदार्थावर रोग बरा करण्याचा दावा बहुतेक सगळीकडे कायद्याने बंद आहे. त्याहून वाईट म्हणजे, घाबरलेला रुग्ण ते खरं मानतो. "कॅन्सरशी लढणाऱ्यांसाठी" हेही टाळा, कारण वाचणारा शेवटचे शब्द गाळून वाचतो. "या बाटलीमागे इतकी रक्कम अमुक संस्थेला जाते" एवढं पुरे.

प्रश्न: रुग्णालयात भेट म्हणून हाच सॉस रुग्णांना दिला तर?

नको. केमोथेरपीने, आणि डोक्या-मानेला दिलेल्या रेडिएशनने, तोंडाला आणि घशाला फोड येतात. तिखट, आंबट आणि खारट तिन्ही तिथे झोंबतं, आणि आपला सॉस हे तिन्ही एकत्रच आहे. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या रुग्णांना तर न तापवलेले आंबवलेले पदार्थ बऱ्याचदा वर्ज्य सांगितलेले असतात. काहींची चव गेलेली असते आणि त्यांना झणझणीत हवंही असतं, पण तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी घ्यायचा. तुमची मदत पैशांच्या रूपाने पोचू द्या.

प्रश्न: "नफ्यातला काही भाग कॅन्सर संस्थांना" असं लेबलवर छापलं. एका ग्राहकाने विचारलं, काही म्हणजे किती? काय सांगायचं?

ग्राहकाचं बरोबर आहे. "काही" म्हणजे शून्याच्या वर काहीही, आणि पहिल्या वर्षी नफाच झाला नाही तर शून्यही. स्तनांच्या कॅन्सरच्या नावावर गुलाबी फिती लावून विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल "ब्रेस्ट कॅन्सर अ‍ॅक्शन" या अमेरिकी संस्थेने २००२ मध्ये "थिंक बिफोर यू पिंक" मोहीम सुरू केली, ती याच धूसरपणाविरुद्ध होती. पैसे किती जातात, कुणाला जातात, त्यातून काय होतं, असे प्रश्न विकत घेण्याआधी विचारा, असं ती सांगते. तुमच्या लेबलवर या प्रश्नांची उत्तरं आधीच असली पाहिजेत.

सगळा नफा द्यायचा, हाही एक मार्ग आहे. अभिनेता पॉल न्यूमन आणि लेखक ए. ई. हॉचनर यांनी १९८२ मध्ये सॅलड ड्रेसिंगपासून सुरू केलेली "न्यूमन्स ओन" कंपनी त्याच तत्त्वावर चालली. पण त्यासाठी नफा म्हणजे काय हे ठरवणारे चोख, तपासलेले हिशेब लागतात. लहान गटाला बाटलीमागे ठरलेली रक्कम हाच मार्ग सोयीचा. विकली बाटली की रक्कम देणं लागलं, मग नफा होवो न होवो.

रक्कम ठरवायची कशी, ते उदाहरणाने पाहू. विक्रीची किंमत १०० धरा. समजा कच्चा माल १८, बाटली-झाकण-लेबल १७, जागा-परवाना-तपासणी १५, वाहतूक ८. हे ५८ प्रत्येक बाटलीवर खर्च होतात, ती विकली जावो न जावो. विकल्यावर दुकानदाराचे २० जातात. उरले २२. त्यातले १५ देणगी ठरवली तर हातात ७ राहतात. २०० बाटल्यांच्या घाण्यात सगळ्या विकल्या तर देणगी ३०००, शिल्लक १४००. झकास. पण २० बाटल्या फुटल्या, चाखायला गेल्या किंवा पडून राहिल्या, तर १८० बाटल्यांवर देणगी २७०० आणि शिल्लक फक्त १००. विक्री १७८ वर थांबली की गट तोट्यात. देणगी १५ ऐवजी १२ ठेवली असती तर तोटा थेट १७१ च्या खाली सुरू झाला असता. उत्साहाच्या भरात "निम्मी किंमत संस्थेला" असं जाहीर करणारे उपक्रम इथेच बसतात. चाखण्याच्या बाटल्या आधीच वजा धरून गणित मांडा, आणि पहिल्या घाण्याला आकडा लहान ठेवा. पुढे वाढवता येतो. कमी करणं कठीण जातं.

देणगीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि दर तिमाहीला पाठवा. किती बाटल्या विकल्या, किती रक्कम गेली आणि पावतीची तारीख काय, एवढं जाहीर करा. एक गैरसमजही दूर करायला हवा: ग्राहक बाटली विकत घेतो, देणगी देतो तो गट. देणगीची पावती गटाच्या नावे येते, ग्राहकाला त्यावर करसवलत मिळत नाही. विकताना तसं सूचितही करू नका.

प्रश्न: संस्थेचं नाव आणि बोधचिन्ह छापायला परवानगी लागते का? पैसे तर आम्ही त्यांनाच देतोय.

लागते, आणि लेखी. उद्या एखाद्या बाटलीमुळे कुणाला बाधा झाली तर नाव त्यांचंही खराब होतं, म्हणून बऱ्याच संस्था आधी कृती, पीएचची वही आणि परवाना पाहायला मागतात. करारात बाटलीमागची रक्कम, उपक्रमाची सुरुवात आणि शेवट, पैसे पोचवण्याची तारीख, नाव कुठे आणि कसं छापायचं, हे स्पष्ट असू द्या. संस्था निवडताना तिचं काम पाहा: संशोधन, तपासणी शिबिरं, उपचारासाठी आलेल्यांची राहण्याची सोय, वेदनाशामक सेवा, ही सगळी वेगवेगळी कामं आहेत. "कॅन्सर संस्थांना" असं मोघम छापण्यापेक्षा एक संस्था आणि तिचं एक काम लिहिलं तर ग्राहकालाही कळतं.

लेबलवर बाकीचं नेहमीचंच: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, अ‍ॅलर्जी आणणारे घटक ठळक, निव्वळ प्रमाण, घाण्याचा क्रमांक, तारीख, बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता. नेमके नियम तुमच्या अन्नसुरक्षा खात्याकडून घ्या, आणि छपाईच्या आधी घ्या. लेबलं छापून झाल्यावर चूक कळली तर स्टिकरवर स्टिकर चिकटवत बसावं लागतं.

प्रश्न: सॉस किती टिकतो? उरलेल्या जुन्या बाटल्या पुढच्या मेळ्यात विकल्या तर चालतील?

पीएच ३.८ खाली, गरम भरलेला आणि न उघडलेला सॉस बरेच महिने सुरक्षित राहतो. आधी रंग जातो: उजेड आणि हवेमुळे लाल तपकिरी होतो, मग वास मंदावतो. म्हणून "उत्तम चवीची मुदत" अंदाजाने छापू नका. प्रत्येक घाण्यातल्या दोन बाटल्या बाजूला ठेवा, एक अंधारात, एक दुकानातल्यासारख्या उजेडात, आणि दर महिन्याला रंग पाहा. त्यांच्यावरून आणि प्रयोगशाळेच्या अहवालावरून मुदत ठरवा. उघडल्यावर फ्रिजमध्ये, ही सूचना लेबलवर असू द्या.

मुदतीच्या आत असलेल्या बाटल्या विकायला हरकत नाही, फक्त जुन्या करारातली संस्था आणि रक्कम त्या बाटल्यांना लागू राहते. पुढच्या मेळ्यात संस्था बदलली असेल तर जुन्या लेबलाच्या बाटल्यांचा हिशेब वेगळा ठेवून पैसे जुन्याच संस्थेला द्या. मुदत उलटलेल्या बाटल्या सवलतीत नाहीत आणि फुकटही नाहीत. त्या टाकून द्यायच्या आणि वहीत तशी नोंद करायची.